कपाटामागची काच

“तुम्ही कधी मेलेलं माणूस पाहिलंय?”

भिंगरीने एका दमात विचारून टाकलं. खाली जिन्यापाशी तिच्या दोन मैत्रिणी कान टवकारून उभ्या होत्या. विचारलंस तर खरी, नाहीतर शेळपट, अशी पैज लागली होती.

टेबलामागच्या घारूताईने हातातली पेन्सिल खाली ठेवली. खासगी तपास करणारी बाई. घाऱ्या डोळ्यांवरून हे नाव पडलं होतं.

“पाहिलंय,” ती म्हणाली. “पण एवढ्यासाठी तू इतके जिने चढली नसतीस. मैत्रिणींना घरी पाठव आणि दार लाव.”

खिडकीशी बसलेले मामा हसले. घारूताईचे सख्खे मामा आणि मदतनीस. वयाने तिच्या पुढे, विचाराने दोन पावलं मागे.

भिंगरीचं हसू मावळलं. शाळेत तिच्यापुढे बोलायची कोणाची टाप नव्हती. इथे मात्र तिने मुकाट दार लावलं.

“आमचं घर पहाटे बोटं मोडल्यासारखं वाजतं. मागच्या भिंतीला तडा गेला म्हणून बाबांनी तपासणी करून घेतली. इंजिनिअर म्हणाले, खालची जमीन खचत असेल. त्यांनी तड्यावर दोन ठिकाणी काचेच्या पट्ट्या बसवल्या. एक स्वयंपाकघरात, एक आई-बाबांच्या खोलीत. भिंत हलली की काच फुटणार. आणि फुटली तर त्याच दिवशी घर सोडायचं.”

“मग?”

“दोन्ही शाबूत आहेत. उद्या इंजिनिअर शेवटचं बघून जाणार, की आम्ही तिथेच राहायचं पक्कं. पण आई-बाबांच्या खोलीचं दार आता लागतच नाही. पलीकडच्या खोलीत त्याच मागच्या भिंतीला लागून माझा पलंग आहे. खोटं कोण बोलतंय? काच, की माझे कान?”

घारूताई उठलीच.

इंजिनिअर त्यांच्या कचेरीत नकाशांच्या गराड्यात सापडले. त्यांच्या दोन बोटांना चिकटपट्ट्या होत्या.

“भिंतीवरच्या पट्ट्या मीच तोडतो, टाकाऊ काचेतून,” ते म्हणाले. “हातांची ही दशा त्यामुळेच. बारीक काच, जरा ताण आला की गेली. ती शाबूत असेल तर भिंत हलली असं मी कसं म्हणू?”

“अगदी जवळून बघता?”

“खोलीतल्या पट्टीपुढे कपाट आहे. फटीतून टॉर्च मारतो. अखंड दिसली, झालं.”

भिंगरीच्या घराच्या पुढच्या खोलीत बाबांचं तसबिरींचं दुकान होतं. बाबा काचेची कड दगडावर घासत होते. घासून झाली, अंगठा फिरवला, पुन्हा घासली. बोलतानाही हात थांबेना.

“पोरीला भास होतात हो,” ते म्हणाले. “लाकूड फुगलं की दार अडकतं. घर आहे ते, बोलणारच.”

मामा काच बघायला पुढे वाकले, तसे बाबा म्हणाले, “बिनधास्त हात लावा. आमच्याकडच्या काचेने कोणाचं बोट कापत नाही.”

स्वयंपाकघरातल्या पट्टीवर धूर आणि धूळ साचली होती. मामांनी रुमालाने ती पुसली. रुमालाचा धागा कडेला अडकून उसवला.

“नव्या रुमालाचं वाटोळं झालं,” मामा कुरकुरले.

आई-बाबांच्या खोलीत कपाट बाजूला सरकवलं. पट्टी जेमतेम गुडघ्याच्या उंचीवर होती. मामा कण्हत खाली बसले आणि त्याच रुमालाने तिला वर-खाली पुसून मोकळे झाले. घारूताईने एकदा पट्टीकडे पाहिलं, एकदा रुमालाकडे.

आई चादरींच्या घड्या घालत होती. “मला विचाराल तर मी आत्ता निघेन,” ती हळू आवाजात म्हणाली. “पण यांना कोणत्या तोंडाने सांगू? भाड्याच्या खोल्या बदलून बदलून मी मेटाकुटीला आले होते. इथे आलो तेव्हा मीच म्हटलं होतं, आता मला इथून हलवू नका.”

“या खोलीत काही वेगळं दिसलं?”

“नाही बाई. झाडताना कपाटाखालून काचेच्या कपच्या निघाल्या एकदोनदा. पण न्हाव्याच्या दुकानात केस सापडले तर कोण चौकशी करतं?”

वरच्या मजल्यावर भिंगरीचे काका खुर्चीत बसून होते. “मी या घरातून जाणार तो चौघांच्या खांद्यावर,” त्यांनी बजावलं. मग भिंगरीने खाली वाकून त्यांच्या पायात चपला सरकवल्या. त्यांचे गुडघे काही वाकत नव्हते.

जिना उतरताना मामा कुजबुजले, “काकांचंच काम. हलायचं नाही तेच ओरडून सांगतात.”

“मामा, चपला घालायला ज्यांना पुतणी लागते, ते कपाटामागे बसून काय करणार?”

तेवढ्यात भिंतीत कुठेतरी टक्क झालं. दिवसाढवळ्या. भिंगरीने कठडा घट्ट धरला. वरून चुन्याची बारीक भुकटी तिच्या केसांवर उतरली.

“सगळ्यांना दुकानात बोलव,” घारूताई म्हणाली. “लवकर.”

तसबिरींच्या रिकाम्या चौकटींमध्ये सगळे उभे राहिले. काका तेवढे वरच होते.

“भिंगरीचे कान शाबूत आहेत,” घारूताईने सुरुवात केली. “जमीन आई-बाबांच्या खोलीखाली खचतेय, दार म्हणूनच लागत नाही. तिथली काच फुटली होती. कोणीतरी तिथे दुसरी बसवली.”

“कशावरून?” मामांनी विचारलं.

“तुमच्या रुमालावरून. इंजिनिअर काच तोडतात आणि कड न घासता तशीच लावतात. त्यांची स्वतःचीही बोटं सुटत नाहीत. म्हणून स्वयंपाकघरात धागा उसवला. खोलीतल्या पट्टीवरून मात्र तोच रुमाल लोण्यासारखा फिरला. तिच्या कडा घासलेल्या आहेत. जुन्या काचेच्या कपच्या कपाटाखाली राहिल्या, आणि या घरात त्यांचा संशय कोणाला येणार नव्हता. आता सांगा, लपवायच्या काचेचीही कड घासल्याशिवाय कोणाला राहवणार नाही?”

बाबांचा हात दगडावरच थांबला. भिंगरीला वाटलं, ते आता ओरडतील. त्यांनी नुसती मान खाली घातली.

“अवजड गाडी गेली असेल बाहेरून, असं वाटलं,” ते पुटपुटले. “म्हणून बदलली. मग दुसरी...”

“दुसरी?” आईच्या हातातली चादर गळून पडली. “दुसरीही फुटली?”

“आता आहे ती तिसरी.” बाबांनी हातातली काच बाजूला ठेवली. “तुला पुन्हा सामान बांध म्हणून कसं सांगणार होतो?”

“आणि मी तुमच्यासाठी गप्प बसले. या दुकानात तुमचा जीव अडकलाय म्हणून.”

मागच्या भिंतीत पुन्हा काहीतरी कुरकुरलं. भिंगरीला डोळ्यांसमोर आपला पलंग दिसला, भिंतीला टेकलेली उशी दिसली. तिला बाबांचा राग आला. त्यांची कीवही आली. दोन्हीला आत्ता वेळ नव्हता.

“मामा, काकांना खुर्चीसकट खाली आणाल? ते शिव्या देतील, ऐकून घ्या,” भिंगरी म्हणाली. “मावशीकडे मी फोन करते.”

मग ती वळली.

“आई, बाबा, मी ठरवलंय. आज मी या घरात झोपणार नाही, आणि तुम्हालाही झोपू देणार नाही.”