धाग्याएवढा जीव

ती खरं तर शेजारच्या गोठ्यावर निघाली होती. फाटक चुकलं आणि आत आली, तर एक तरुण गाईच्या मानेला कपाळ टेकवून तिच्याशी बोलत उभा होता.

"काय म्हणतेय गाय?" तिने विचारलं.

तो दचकला. घरी त्याला सगळे मुक्या म्हणत. माणसांपुढे त्याचं तोंड लवकर उघडत नसे. "ठिपकी आहे... दोनदा भरवली, दोन्हीदा उलटली, पुन्हा माजावर आली. आता तिसऱ्यांदा भरवलीय. या वेळी गाभण राहिली नाही तर बाबा विकणार."

रजेवर गेलेल्या गुरांच्या डॉक्टरांच्या जागी ती थोड्या दिवसांसाठी आली होती. जाता-येता ठिपकीकडे डोकावू लागली. येताना बूट धुवायची, जाताना पुन्हा धुवायची. आणि गाईला हात लावण्याआधी तळवे एकमेकांवर घासून गरम करायची. हे तळव्यांचं त्याने कुणालाच सांगितलं नाही.

"आत्ता तपासून कळेल?" त्याने एकदा विचारलं.

"नाही, इतक्यात हाताला काही लागत नाही. पण आत गर्भ असेल, तर तो बोलत असेल."

"बोलत?"

"आधी इवलासा गोळा असतो, मग धाग्यासारखा लांब होतो. अजून कुठे नीट चिकटलेलाही नसतो. तरी एक पदार्थ सोडून आईच्या शरीराला कळवतो — मी आहे."

"आणि उशीर झाला तर?"

"शरीर समजतं, कुणी आलंच नाही. मग गाय पुन्हा माजावर येते."

तो ठिपकीच्या पोटाकडे बघत राहिला. "धाग्याएवढा जीव... आणि एवढी हिंमत."

"तुमच्यापेक्षा बोलका आहे," ती हसू दाबत म्हणाली.

माजाची वेळ आली, तसा तो गोठ्यातून हलेना. कुठली गाय हंबरली तरी ठिपकीच माजावर आली की काय म्हणून तो उठून बघायचा. बाबा म्हणाले, "मुक्या, जेवायला तरी ये. तू बघत बसलास म्हणून ती गाभण राहणार आहे का?"

ते दिवस सरले, आणि एका संध्याकाळी ती आली.

"हंबरली? दुसऱ्या गाईंवर चढली?"

"नाही. नुसती रवंथ करतेय."

"मग आशा आहे. अजून थोडे दिवस थांबा, मग नीट तपासून घ्या." ती जरा घुटमळली. "तुमचे डॉक्टर उद्या रजेवरून येतायत. मी... निघते."

तिने नळाखाली बूट धुतले, नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ. मग फाटकाची कडी काढली.

"डॉक्टर."

ती वळली.

"मी आहे."

एवढंच बाहेर आलं. मग घाईघाईने — "उशीर तर नाही ना झाला?"

तिने कडी पुन्हा लावली. धुतलेल्या बुटांनी शेण तुडवत ती परत आली.

"नाही," ती म्हणाली. "पण अगदी काठावर आला होतात."

मग तिने तळवे एकमेकांवर घासले, आणि हात पुढे केला.