आधी कार्ड विचारायचं

शेषराव हे नाव ऐकून मी पांढऱ्या मिशा गृहीत धरल्या होत्या.

लोणारच्या दैत्यसूदन मंदिराच्या पायरीवर तीस-बत्तीस वर्षांचा एक माणूस बसला होता. गळ्यात गाईडचं ओळखपत्र, मांडीवर बाभळीची काठी. वंदनाताईंनी त्यालाच विचारलं, "शेषराव गाईड कुठं भेटतील?"

"भेटले," तो उठत म्हणाला. "नाव आजोबाचं हाय. वय माझं हाय."

वंदनाताई मोठ्यानं हसल्या. मी हसले नाही असं मला वाटलं. पण तो माझ्याकडे वळून म्हणाला, "दाबून कायले हसता मॅडम? हसू फुकट हाय अथी." म्हणजे हसले असणार.

वंदनाताई आमच्या दवाखान्यात सिस्टर आहेत आणि मी लॅब टेक्निशियन. डिसेंबरचा रविवार होता. मी अठ्ठाविसाव्या वर्षीच मायक्रोस्कोपला डोळा लावून म्हातारी होणार, या भीतीनं त्यांनी मला मेहकरहून एसटीत बसवून आणलं होतं.

मंदिरात अंधार होता. शेषरावनं छतावरच्या मूर्तींवर टॉर्च धरला आणि पाठ केलेलं सांगू लागला. एका वाक्याच्या मध्येच टॉर्चचा उजेड छतावरून उतरला, माझ्या पायापुढच्या उंच उंबरठ्यावर क्षणभर थांबला, आणि पुन्हा वर गेला. वाक्य तुटलं नाही. मी उंबरठा ओलांडला आणि पुढच्या दोन मूर्तींबद्दल त्यानं काय सांगितलं ते ऐकलंच नाही.

बाहेर आल्यावर वंदनाताईंनी त्याची उलटतपासणी घेतली. गाव कोणतं, वावर किती, भावंडं किती, लग्न झालं का.

"नाई झालं. घरचे पाहून राह्यले."

वंदनाताईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी सगळं विचारलं होतं, एक सोडून. आणि ते एक मीही विचारलं नाही.

आमच्या लॅबमध्ये सिकलसेलची तपासणी होते. रक्तात काही नसेल तर पांढरं कार्ड. आजार असेल तर लाल. आणि आजार रक्तात लपून असेल, त्या माणसाला त्रास काहीच नसेल, तर पिवळं. दोन पिवळ्यांचं लग्न झालं, तर होणाऱ्या प्रत्येक मुलाला लाल कार्ड मिळण्याची शक्यता चारात एक. माझं कार्ड पिवळं आहे. माझ्या भावाचं, देवेशचं, लाल होतं. एकोणिसाव्या वर्षी एका जानेवारीत तो छातीत दुखतंय म्हणाला आणि तिसऱ्या दिवशी गेला. तेव्हा मी बी.एस्सी.ला होते. मग हेच काम शिकले. कॉलेजांतून बोलायला जाते तेव्हा मुलींना सांगते — आधी कार्ड विचारायचं, मग नाव. मुली खिदळतात.

त्या सकाळी मी ठरवलं, की आज विचारायचं नाही. एकच दिवस... संध्याकाळी पाचच्या एसटीपर्यंत.

विवरात उतरणाऱ्या पायऱ्या जिथे सुरू होतात त्या धारेपाशी वंदनाताईंच्या गुडघ्यांनी नकार दिला. "तुम्ही या जाऊन. मी डबा राखते," म्हणून त्या सावलीत बसल्या, जरा जास्तच उत्साहानं. आम्ही दोघं खाली उतरू लागलो. समोर विवर पसरलं होतं — काठाला साग आणि बाभळी, तळाशी हिरवट, न हलणारं पाणी.

"बावन्न हजार वर्सांपूर्वी अथी उल्का पडली," त्यानं सुरुवात केली.

"आता साडेपाच लाखांच्या वर म्हणतात. नव्या मोजणीनुसार."

तो थांबला. "वाचलं म्या. पन आपल्या पब्लिकले बावन्न हजार सांगलं तं 'बापरे' म्हणते. साडेपाच लाख सांगलं तं मोबाईल काढून बसते."

"म्हणून चुकीचं सांगायचं?"

"आता तुमी आल्या ना... आजपासून बरोबर सांगतो." मग चार पायऱ्या खाली गेल्यावर, "एकट्या तुमालेच."

मी पायऱ्या मोजत होते. तिथे मोजणं चुकलं.

खाली वास आला, उकडलेल्या अंड्यासारखा. पाणी वाढलं होतं. काठाची जुनी पायवाट बुडाली होती आणि मेलेल्या बाभळी कमरेइतक्या पाण्यात उभ्या होत्या, पांढऱ्या, साल गेलेल्या. कमळजादेवीच्या देवळाजवळ त्यानं खिशातून हळदीत भिजवून वाळवलेली कागदाची पट्टी काढली, पाण्यात बुडवली. कागद लाल झाला.

"देवीच्या पायापाशी हळदीचं कुंकू होते."

"पाणी अल्कधर्मी आहे. सामू साडेआठच्या वर गेला की हळद लाल होणारच."

"मालूम हाय."

"मग लोकांना सांगत का नाही?"

"सांगतो ना. आधी कुंकू, मंग सामू. उलटं सांगलं तं कोनी कागद हातातच घेत नाई." त्यानं पट्टी पुढे केली. "घ्या. नवीन जोडप्याइले देतो तसं नाई हो... सॅम्पल म्हणून घ्या."

मी सॅम्पल म्हणून घेतलं. वहीत ठेवलं. त्याची बोटं थंड होती. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही, मीही नाही. दोघांनी मिळून तळ्याकडेच पाहिलं, आणि तळ्यात पाहण्यासारखं त्या क्षणी काहीही नव्हतं.

परतीच्या वाटेवर झाडीत एक पडकं महादेवाचं देऊळ होतं. सभामंडप कोसळलेला, आत वटवाघळं, भिंतीच्या चिऱ्यांमधून मुळं उतरलेली. त्यानं रुमालानं एक चिरा पुसला आणि मला बसायला सांगितलं. वाटेत तोडलेली बोरं खिशातून काढली, ओंजळभर मला दिली. उरलेली निवडून वेगळी बांधली, मोठी मोठी.

"ही कोणाची?" मी विचारलं. आवाज जरा घाईचाच आला.

तो हसला. "ओवीची. भाची माझी. सहा वर्साची हाय. बोरं नेली नाई तं घरात घेत नाई मले." मग हसू हळूहळू गेलं. "ताई वर्सापासून माहेरीच हाय. पोरीच्या दुखन्यापायी."

"काय दुखतं तिचं?"

"काय नाई दुखत ते इचारा. हात, पाय, पाठ. थंडी पडली की जास्त. रडू रडू आवाज बसते तिचा. डोळे पिवळे दिसतेत. एक डॉक्टर कावीळ म्हणे, एक संधिवात म्हणे. आता आईनं एका बाबाचा दोरा बांधला..."

माझ्या हातातली बोरं तशीच राहिली.

गणित मी थांबवू शकले नाही. ओवीला सिकलसेल असेल तर तिची आई पिवळी. आई पिवळी तर त्या बहीणभावाच्या आईवडिलांपैकी एक तरी पिवळं. म्हणजे शेषराव... दोनात एक. मी गप्प बसले असते तर माझा दिवस वाचला असता. पाच वाजायला अजून अडीच तास होते.

"लहान असताना तिचे पंजे सुजले होते का?" मी विचारलं. "दीड-दोन वर्षांची असेल तेव्हा. हातांची बोटं, पावलं?"

तो माझ्याकडे पाहत राहिला. "हाव... पोळीसारखे फुगले होते. तुमाले कसं मालूम?"

"माझ्या भावाचे सुजले होते."

मग मी सांगितलं. लॅबमध्ये सांगते तसंच — लाल रक्तपेशी विळ्यासारखी वाकते, बारीक नसांत अडकते, तिथे दुखतं. बरं होत नाही. पण गोळ्या आहेत, दुखणं कमी करता येतं. दोऱ्यानं नाही. कार्डांचे तीन रंगही सांगितले. देवेशचं शेवटचं वर्ष मी सांगितलं नाही. पण त्यानं विचारलं, "तुमचा भाऊ आता...?" आणि मी मान हलवली.

बराच वेळ तो काठीनं मातीत रेघ ओढत होता.

"मंगळवारी आणतो तिले. ताईले बी."

"तुम्हीही या. तुमचंही रक्त तपासायला हवं."

"माझं काऊन? मी तं दिवसातून तीनदा खाली-वर करतो. मले काय धाड भरली?"

"ज्याच्यात लपलेलं असतं त्याला काहीच होत नाही."

"मंग तपासून करू काय?"

याचं ठरलेलं उत्तर आहे. पुढे लग्न ठरवताना उपयोगी पडेल, असं म्हणायचं असतं. मी तोंड उघडलं, आणि जानेफळला आमच्या घरी बोलतो ती बोली बाहेर आली. दवाखान्यात आणि परक्या माणसांशी मी ती बोलत नाही.

"काऊन की माझं कार्ड पिवळं हाय."

झाडीत कुठेतरी मोर ओरडला. शेषरावला समजलं नाही असं नव्हतं. कान लाल झाले होते त्याचे. मग तो उठला. उतरताना तो पुढे होता. चढताना मात्र पूर्ण वेळ माझ्या एक पायरी मागे राहिला, माझा पाय घसरलाच तर असावं म्हणून.

वर वंदनाताईंनी डबा उघडला. "काय काय पाहिलं?"

"समदं," तो म्हणाला.

मंगळवारी साडेदहाला तो आला. बरोबर त्याची बहीण काजल, आणि त्याच्या खांद्यावर स्वेटर-कानटोपीतली ओवी. सुई टोचताना ती रडली नाही. टोचण्यापेक्षा जास्त दुखणं तिच्या ओळखीचं होतं.

पहिली चाचणी पाच मिनिटांची. रक्ताचा थेंब औषधात मिसळायचा आणि नळी काळ्या रेषा छापलेल्या कागदापुढे धरायची. नळीतून रेषा दिसल्या तर काही नाही. द्रव गढूळला, रेषा बुडाल्या, तर आहे.

ओवीच्या रेषा बुडाल्या. काजलच्याही.

तिसऱ्या नळीवर मी नाव लिहिलं तेव्हा वंदनाताई हळूच म्हणाल्या, "दे प्रतिमा, मी धरते."

"नको."

मी नळी धरली. रेषा दिसत होत्या... दिसत होत्या. मग धुकं वर चढावं तसा द्रव गढूळ होत गेला. शेवटची रेषा जाईपर्यंत मी पाहिलं. पक्की चाचणी दुपारी झाली. ओवीला आजार. काजल आणि शेषराव, दोघं पिवळे.

काजल कागदपत्रं करायला गेली. बाकावर ओवी बिस्किट खात होती. शेषराव माझ्यासमोर उभा राहिला.

"सांगा. सगळ्याइले जे सांगता ते मले बी सांगा."

"चारात एक लाल. चारात दोन पिवळे. चारात एक पांढरं. प्रत्येक वेळी नव्यानं."

"अन् लेकरू होऊच नाई देलं तं?"

"तर काहीच नाही."

तो हातातल्या पिवळ्या कार्डाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला. "मले लेकरं लय आवडतेत, प्रतिमा." पहिल्यांदा मॅडम गेलं होतं.

"मले बी."

"दोन दिवस मोबाईलवर वाचून राह्यलो. पोटातच तपासता येते म्हणे."

"येतं. अकराव्या-बाराव्या आठवड्यात."

"मंग?"

"मग लाल निघालं, तर ठेवायचं की नाही ते आपण ठरवायचं." आपण हा शब्द निघून गेला, आणि मी तो परत घेतला नाही. "आमच्या आईनं तेव्हा तपासलं असतं, तर देवेश झाला नसता. एकोणीस वर्षं होता तो. कॅरममध्ये हरला की सोंगट्या उधळायचा, आणि मीच वेचायचे. मला नाही ठरवता येणार, शेषराव. माझ्याच्यानं ते नाही होणार."

त्यानं ओवीकडे पाहिलं. तिच्या हनुवटीला बिस्किटाचा चुरा लागला होता. त्यानं तो अंगठ्यानं पुसला.

"माझ्याच्यानं बी नाई होनार," तो म्हणाला.

बाहेर कुणी तरी केसपेपरची खिडकी वाजवत होतं.

"रविवारी सकाळीच विचारायला हवं होतं मी," मी म्हणाले. "देवळातच."

"इचारलं असतं तं तुमी खाली उतरल्या असत्या काय?"

"नाही."

"मंग बरं झालं नाई इचारलं."

त्यानं ओवीला उचललं. तिनं सवयीनं त्याच्या मानेत तोंड खुपसलं. दाराशी जाऊन तो वळला.

"गोळ्या चालू झाल्यावर परत यायचं काय?"

"दर महिन्याला. रक्त तपासत राहावं लागतं."

"कोन काढते रक्त?"

"मी."

त्यानं मान हलवली. कानटोपी ओवीच्या कानांवरून नीट खाली ओढली.

"मंग ताईले नाई पाठवत," तो म्हणाला. "मीच आनत जाईन हिले."