सगळे दिवे हिरवे, नवरदेव आडवा

वाढपी झपाझप वाढत होते, पानं लख्ख होती, भिंतीवरच्या फळ्यावरचे सगळे दिवे हिरवेगार होते आणि नवरदेव ओसरीवर आडवा पडून "आई गं, आई गं" करत होता. आता मला सांगा, सगळं बरोबर चाललेलं असताना सगळंच कसं काय चुकलं?

सांगते. पण मधे मधे बोलायचं नाही.

मी जुई, इयत्ता सहावी. मालूआत्या म्हणजे माझ्या बाबांची बहीण. ती आणि तिची माणसं मिळून लग्नाचा स्वयंपाक करतात आणि पंगती वाढतात. आमच्या गावच्या मंगल कार्यालयाचे मालक घोरपडेकाका. त्यांच्या डोक्यात यंत्रांचं स्वयंपाकघर बसवायचं खूळ शिरलं होतं. "मालूताई, या लग्नात एक जरी तक्रार आली, तरी तुमचं काम बंद," असं त्यांनी तोंडावर सांगितलं होतं. म्हणजे आत्यासकट सगळ्यांनी घरी बसायचं! मला इतका राग आला होता, की मी त्यांना नमस्कारसुद्धा केला नाही.

वर देखरेखीला त्यांनी मापारी नावाचा रोबो (यंत्रमानव) आणून उभा केला. तीन डोळे, लांब मान आणि बोलणं एकदम सरकारी. घोरपडेकाकांनी त्याला दोनच नियम शिकवले होते. कुणाचं पान रिकामं दिसता कामा नये आणि पानात उष्टं उरता कामा नये. प्रत्येक वाढप्याच्या छातीवर एक बिल्ला होता. त्याच्या रांगेत पान रिकामं दिसलं, की बिल्ला लाल. वाढलं, की हिरवा. भिंतीवरच्या फळ्यावर प्रत्येक बिल्ल्याचा दिवाही तसाच बदलायचा.

आता नवऱ्याकडची मंडळी होती मंगळावरची. तीन पिढ्या तिकडेच राहिलेली. तिकडे भाजीचं एकेक पान काचेच्या घरात, मोजून पाणी देऊन वाढवावं लागतं. त्यामुळे ताटात पडेल ते संपवायचं, कण टाकायचा नाही, ही त्यांची रीत. रीत चांगलीच आहे हो. पण आमचीही रीत आहे ना, पान रिकामं दिसलं की वाढायचं!

झालं. पंगत बसली.

"पान क्रमांक सात रिकामे. तातडीने जिलबी," मापारी म्हणाला.

सातवं पान नवरदेवाचं, म्हणजे शार्दूलदादाचं. बाळूदा आमचा तरबेज वाढपी. त्याचा बिल्ला लाल झाला, तसा तो परात घेऊन धावला. शार्दूलदादानं वाढलेलं निमूटपणे संपवलं. पान रिकामं! बिल्ला लाल! बाळूदा पुन्हा हजर. शार्दूलदादा घामाघूम होऊन म्हणाला, "नको."

"अहो, त्यांना नको आहे," मी मापारीला सांगितलं. माझ्याकडे मीठ वाढायचं काम होतं, त्यामुळे मी तिथेच होते.

"पंगतीतील 'नको' मी मोजत नाही," मापारी म्हणाला. "पंगतीत 'नको' म्हणजे 'आग्रह करा', असे मला अनुभवी लोकांनी शिकवले आहे. तुमचे मीठ वाढणे समाधानकारक आहे. पुढे चला."

आणखी जिलब्या आल्या. त्यात पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण (वस्तूंना जमिनीकडे खेचणारी ओढ) मंगळापेक्षा कितीतरी जास्त. तिकडे तीन जिलब्यांचं जेवढं ओझं वाटतं, तेवढं इथे एका जिलबीचंच वाटतं. बिचारा शार्दूलदादा हात धुवायला उठला तो थेट ओसरीवर कोसळला.

घोरपडेकाका तरातरा आले. "मालूताई! दुसरी पंगत बसायचीय. तिच्यात नवरदेवाच्या आजी आहेत. त्यांनी तक्रार केली, की संपलं!"

आत्यानं पदर कमरेला घट्ट खोचला. पण तिचे डोळे भरले होते ते मी पाहिलं. मी धावत नानांकडे गेले.

नाना म्हणजे माझे आजोबा, आत्याचे वडील. ते पूर्वी यानातली हवा कमी-जास्त होऊ न देणारी यंत्रं बनवायचे. आता मंडपात खुर्चीवर बसून पेंगत होते.

"नाना, उठा! मापारीनं घोटाळा केलाय. त्याला मोजताच येत नाही!"

नानांनी सगळं ऐकून घेतलं आणि खो खो हसत सुटले. "अगं, मोजता येतंय की. जुई, आपल्या गच्चीवरची पाण्याची टाकी भरली, की नळ आपोआप का बंद होतो?"

"आत तरंगणारा चेंडू असतो. पाण्याबरोबर तो वर चढतो आणि नळ बंद करतो."

"बरोबर. किती भरायचं ते आधी ठरलेलं. त्याला म्हणायचं मानक (ठरवलेली पातळी). चेंडू पाणी कुठवर आलं ते मोजतो, मानकाशी ताडून बघतो आणि फरक असेल तर नळ चालू ठेवतो. पाण्यानं चेंडूला दिलेली ही खबर म्हणजे प्रत्याभरण (कामाचा परिणाम परत येऊन कळणं). कारखाना असो, शाळा असो, नाहीतर पंगत, देखरेख करणारा माणूस हेच करतो. ठरव, मोज, ताडून बघ, सुधार. आता सांग, पंगतीत टाकी कोणती?"

"पान," मी म्हणाले. मग थांबले. "नाही, नाही! पोट! पान म्हणजे नुसती बादली. मापारी बादली रिकामी झाली का एवढंच बघत बसला. टाकी वाहायला लागली, तरी नळ चालूच!"

"शाब्बास! इतर वऱ्हाडी पोट भरलं की पानात चार घास टाकतात, म्हणून आजवर निभावलं. जे मोजायला सोपं, तेच आपण मोजतो. जे हवं असतं, ते बाजूलाच राहतं."

आम्ही मापारीला गाठलं. त्याला सगळं पटवायला वेळ लागला, कारण त्याचे दिवे हिरवे होते ना! शेवटी मी त्याची मान धरून ओसरीकडे वळवली. शार्दूलदादा अजून विव्हळत होता.

मापारीचे तिन्ही डोळे मिचमिचले. "दिवे हिरवे. माणूस आडवा. माझे मानक चुकीचे आहे," तो हळू आवाजात म्हणाला. "मानक बदलतो. माणूस सुखी असला पाहिजे. सुख कशात मोजू?"

"ढेकरांत!" बाळूदा म्हणाला. मापारीनं खरंच ते टिपून घेतलं.

"चेहऱ्यात," आत्या म्हणाली. "माणसाच्या चेहऱ्याकडे बघ, बाबा."

मग आमची धावपळ उडाली. आत्यानं जिलब्यांचे तुकडे करायला लावले. मी दारात उभी राहून प्रत्येकाला भूक किती आहे ते विचारलं. नाना म्हणाले, हे पूर्वनियंत्रण (चूक व्हायच्या आधीच घेतलेली काळजी). पाहुण्यांनाही सांगितलं, "पुरे झालं की पानावर हात आडवा धरा." बाळूदानं बिल्ला काढून खिशात टाकला आणि माणसांकडे बघत वाढायला लागला.

नवरदेवाच्या सुलभाआजी करारी दिसत होत्या. जेवता जेवता त्यांनी पानावर हात आडवा धरला. बाळूदा तिथल्या तिथे थांबला. मापारी वाकून त्यांचा चेहरा बघत राहिला, इतका जवळून, की त्या हसल्याच.

जेवण झाल्यावर त्यांनी घोरपडेकाकांना बोलावलं. मी आत्याचा हात घट्ट धरला.

"आमच्या वसाहतीत जेवण मोजून मिळतं," आजी म्हणाल्या. "पण 'पोट भरलं का' असं कुणी विचारत नाही. या बाईंनी आमच्याकडे येऊन तेवढं शिकवावं."

घोरपडेकाका म्हणाले, "मंगळाचं नंतर बघू, आजी. आमच्याकडेच लग्नं पुष्कळ आहेत. मालूताई कुठे जात नाहीत." तेव्हा मात्र मी त्यांना वाकून नमस्कार केला.

आता सगळ्यात शेवटची पंगत, वाढप्यांची. सगळे बसले, पण आत्या भांडी आवरत होती. मापारी तिच्यामागे जाऊन उभा राहिला. "आपण जेवलात का?"

"जेवेन रे नंतर."

"आपले पान मी एकदाही पाहिलेले नाही. बसा."

त्यानं स्वतः पान मांडलं, वरणभात वाढला, जिलबी वाढली. आत्यानं ती संपवली. तो दुसरी घेऊन आला, तेव्हा तिनं पानावर हात आडवा धरला. "नको."

मापारी थांबला. मान वाकवून तो आत्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. तिचे डोळे मात्र जिलबीवरच होते.

मग त्यानं तिचा हात हळूच बाजूला केला आणि जिलबी वाढली. आत्यानं ती हसत हसत खाल्ली.