टिंबामागचा आवाज

“मोठ्या बाई, मेलेल्या माणसाला शाळा सुटल्यावर घरी जाता येत नाही का?”

प्रश्न तोंडातून गेला आणि अख्ख्या सभागृहाने माना वळवल्या. हा प्रश्न भिंगरीच्या गळ्यात मारणाऱ्या तिच्या दोघी मैत्रिणी, रेडिओ आणि चिमटी, तेवढ्यात बुटांच्या नाड्या बांधायला खाली वाकल्या. रेडिओच्या बुटांना नाड्याच नव्हत्या.

“तुझीच मावशी आहे, तूच विचार. की फाटली?” असं सकाळी दोघींनी डिवचलं होतं. आणि भिंगरीला कुणी भित्री म्हटलं की विषय संपला. आपल्याला सगळं जमतं हा शोध तिला याच वर्षी लागला होता. तो ती दिसेल तिथे वापरून बघत होती.

मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या. “मधल्या सुट्टीत माझ्या खोलीत ये,” एवढंच म्हणाल्या.

प्रश्न उगाच नव्हता. शाळेतल्या सगळ्या सूचना वर्षानुवर्षं गाण्याच्या बाईंच्या आवाजात वाजायच्या. गाण्याच्या बाई म्हणजे भिंगरीची मावशी. गेल्या वर्षी ती आजारात गेली. मोठ्या बाईंनी सूचना बंद करवल्या आणि नुसती घंटा ठेवली.

आणि या सोमवारपासून, शेवटची घंटा विरली की जिन्यातल्या, वऱ्हांड्यातल्या, मैदानावरच्या स्पीकरमधून आधी एक श्वास ऐकू यायचा. कुणीतरी कानाशी येऊन थांबावं तसा. मग मावशी म्हणायची,

“मुलांनो, माझी खोली रिकामी करू नका.”

हे वाक्य ती जिवंतपणी बोललीच नव्हती. बोलणार कशी? संगीताची खोली मोडून तिथे भांडार करायचं हे गेल्या महिन्यात ठरलं होतं.

लहान वर्गांतली मुलं आता शेवटच्या तासालाच रडायला लागत. वरच्या मजल्यावर, संगीताच्या खोलीकडे, झाडायला कुणी तयार होईना. आणि भिंगरी? ती सगळ्यांना “भूतबित काही नसतं” म्हणत फिरायची आणि घंटा वाजली की कानांवर हात ठेवून धावत सुटायची. मावशीचा आवाज ऐकायची तिला जबरदस्त इच्छा होती, आणि तितकीच भीतीही.

मधल्या सुट्टीत मोठ्या बाईंनी तिला बसायलाही सांगितलं नाही.

“हे भुताचं काम नाही. माणसाचं आहे.”

“कोणाचं?”

“घंटेचा कॉम्प्युटर ज्यांच्या ताब्यात आहे त्यांचं.”

“कॉम्प्युटरसर? ते कशाला असं करतील?”

“त्यांना चेष्टेची खोड आहे. सोमवारीच मी चावी काढून घेतली आणि घंटा ज्यातून वाजते तो फोल्डर स्वतः उघडून पाहिला. घंटेच्या फाईलशिवाय तिथे काही नाही. फाईल नाही आणि आवाज येतो, म्हणजे ते बाहेरून फोनवर वाजवतात. शनिवारी समिती बसेल. कबूल केलं नाही तर घरी जातील.”

सर अजून कायम झाले नव्हते. नोकरी लागली म्हणून नुकतंच आपल्या आईला गावाहून इथे घेऊन आले होते, आणि वर्गात येताजाता आईच्या तक्रारी सांगून सगळ्यांना हसवायचे.

संध्याकाळी घरी आई नेहमीसारखी हेडफोन लावून बसली होती. तिचं काम बोलक्या पुस्तकांचं. लोक वाचून दाखवतात, ती चुका कापते, तुकडे जोडते. डोक्यावर पंखा फिरत होता. त्याचं एक पातं ढिलं होतं, प्रत्येक फेरीला खट्ट वाजायचं. रेकॉर्डिंग बिघडतं म्हणून बाबांनी ते दहादा घट्ट केलं असेल. बाबांचं चष्म्याचं दुकान. बारीक स्क्रूपलीकडे त्यांची मजल जात नसे.

“आई, माझ्या प्रकल्पाच्या फायली उलट्यासुलट्या का लागतात? एकनंतर थेट दहा येतं. सरांच्या तासांच्या घंटाही अशाच चुकतात.”

“शून्यं दिली नाहीस ना. शून्य शून्य एक, शून्य शून्य दोन असं लिही. मग रांगेत बसतात गुमान.”

भिंगरीने हेडफोनची एक बाजू ओढून आपल्या कानाला लावली. “आणि हा वाचणारा काका असा का वाटतोय? रोबो असल्यासारखा?”

आईने दुसरा कानही मोकळा केला. “नवीन मुलाने श्वास कापलेत त्याचे. श्वास कापला की माणूस मेल्यासारखा बोलतो.”

मग तिने पुन्हा हेडफोन चढवला. मावशीचं नाव घरात हल्ली कुणी काढत नसे. काढलं की आई काम करायला बसायची.

शुक्रवारी भिंगरीने मोठ्या बाईंसमोर ठाण मांडलं. “एकदा मला बघू द्या. सर हातही लावणार नाहीत. तुम्ही उभ्या राहा.”

कॉम्प्युटरच्या खोलीत सर दाराशी हात मागे बांधून उभे राहिले. “आमच्या आईला कळलं तर म्हणेल, शाळेत कोपऱ्यात उभं राहायची सवय गेली नाही तुझी,” ते म्हणाले. कुणी हसलं नाही.

“सर, घंटेचा प्रोग्रॅम वाजवतो काय?”

“‘शेवट’ नावाच्या फोल्डरमध्ये जे असेल ते सगळं. शाळा सुटताना, एकामागून एक.”

मोठ्या बाईंनी माऊसने फोल्डर उघडला. घंटा. बाकी पांढरं.

“बघितलंस?”

“हे माऊसने दाखवलेलं झालं,” भिंगरी म्हणाली आणि तिने काळी खिडकी उघडली. सरांनीच शिकवलं होतं ते. त्या खिडकीत चित्रं नसतात. एल आणि एस अशी दोन अक्षरं टाइप करायची की फोल्डरमधल्या फायलींची यादी समोर येते. वर छोट्या सूचना जोडायच्या: तारखा दाखव, नवीन आधी लाव, अमुक अक्षरांनी सुरू होतात त्याच दे.

तिने दोन अक्षरं टाइप केली. घंटा.

“आता?” मोठ्या बाई.

“ज्या फाईलच्या नावाआधी टिंब असतं ती यादीत येत नाही. मुद्दाम विचारावं लागतं.” तिने एक आडवी रेघ आणि ‘ए’ जोडलं. म्हणजे सगळं दाखव, लपलेलंसुद्धा.

घंटेच्या खाली आणखी एक ओळ उमटली. टिंब, मग ‘निरोप’, मग शून्य एक दोन.

खोलीत पंखा बंद होता, तरी भिंगरीच्या मानेवरून गार काहीतरी सरकलं. तिने तारीख मागितली. गेला शनिवार, पालकसभेचा दिवस.

“त्या दिवशी मी रजेवर होतो,” दारातून सर हळूच म्हणाले. “आईच्या डोळ्यांची तपासणी होती.”

“चावी तुमच्याकडेच होती. येऊन जाऊ शकला असता,” मोठ्या बाई म्हणाल्या. पण आवाजातला ताठा उतरला होता.

“पालकसभा कुठे झाली होती?” भिंगरीने विचारलं.

“सभागृहाला रंग लागत होता म्हणून इथेच. शिपायाने दुसऱ्या चावीने उघडलं. शंभरेक पालक येऊन गेले. त्यातलं कोण, ते सांगशील तू? उद्या सकाळपर्यंत नाव कळलं नाही तर मला तरी दुसरं काय करता येईल?”

भिंगरीने हेडफोन लावला आणि पहिल्यांदा कान न झाकता मावशीला ऐकलं.

‘मुलांनो’च्या आधी श्वास, जिथल्या तिथे. ‘खोली रिकामी’च्या मागे पाऊस: ते तळमजल्यात पाणी शिरलं तेव्हाच्या सूचनेतलं. ‘करू नका’मागे पोरांचा गोंगाट: ते ‘जिन्यात गर्दी करू नका’मधलं. कुणीतरी जुन्या सूचना कापून नवं वाक्य शिवलं होतं.

“सर, जुन्या सूचनांत मावशी कुठे ‘माझी’ म्हणते?”

सरांनी खूप आठवलं. मोठ्या बाईंनीही. “नाही,” त्या म्हणाल्या. “माईकवर ती स्वतःबद्दल कधी बोललीच नाही.”

भिंगरीने तो एकच शब्द पुन्हा लावला. पुन्हा. मग हेडफोन काढून टेबलावर ठेवला, फार हळू, जसा काही तो जागा होईल.

“काय गं?”

“काही नाही, बाई. सकाळी सांगते.”

घरी आई स्वयंपाकघरात होती. भिंगरी आईच्या कॉम्प्युटरसमोर बसली. काळी खिडकी. टिंबाने सुरू होतं तेवढंच दे.

एक लपवलेला फोल्डर आला. तिने त्यातलं सगळं मागितलं.

टिंब, शून्य शून्य एक, जेवलीस का.

टिंब, शून्य शून्य दोन, एवढा वेळ जागू नकोस.

टिंब, शून्य शून्य तीन, भिंगरी मोठी झाली गं.

यादी खाली खाली जात राहिली. मावशी गेल्यानंतरच्या तारखा. ती न बोललेली वाक्यं, एकेक शब्द गोळा करून बोलायला लावलेली. वर पातं खट्ट, खट्ट करत होतं. भिंगरीला वाटलं, मागे वळलं तर खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून मावशी उभी असेल.

ती वळली. दारात आई उभी होती. तिच्यामागे बाबा.

“मी बोलू का आधी?” भिंगरी म्हणाली. “नाहीतर मला रडू येईल.”

बाबांनी मानेने हो म्हटलं.

“मोठ्या बाईंना फाईल दिसली नाही, कारण नावाआधी टिंब होतं. ती आली पालकसभेच्या दिवशी. सर रजेवर होते, खोली उघडी होती. बाबा, तुम्ही दुकान सोडून आला नव्हता. आई गेली होती. फाईलला शून्य लावून नंबर दिलाय. सरांच्या घंटा तर एकनंतर दहावी अशा वाजतात, ते कधी शून्य देत नाहीत. आणि श्वास. चेष्टा करणारा माणूस श्वास कापून टाकतो, शब्द तेवढे ठेवतो. ज्याला ती मेल्यासारखी वाटायला नको होती, त्यानेच तो ठेवला.”

“एवढ्यावरून घरात चोर शोधतेस?” बाबा म्हणाले. पण त्यांचं लक्ष आईकडे होतं.

“नाही. ‘माझी’वरून. ते शाळेत कुठेच नाही. त्याच्यामागे खट्ट वाजतं.”

तिघांनीही वर पाहिलं.

आई खाटेच्या कडेवर बसली. “मी एकदा माईक तपासत होते,” ती म्हणाली. “ताई शेजारी बसलेली. म्हटलं, बोल काहीतरी. तर म्हणाली, ही माझी धाकटी, हिला सगळ्यांचे आवाज दुरुस्त करता येतात.” तिने हेडफोन मांडीवर घेतला. “तेवढंच घरातलं रेकॉर्डिंग आहे. त्यातूनच ‘माझी’ कापलं. बाकी शब्द शाळेच्या सूचनांतले; त्या मीच साफ करून द्यायचे ना.”

“हे बाकीचं?”

“ते माझ्यासाठी. रात्री एखादं ऐकायचे. सभेला गेले तर तिच्या खोलीत खुर्च्यांचे ढीग. पेटी उलटी टाकलेली. मोठ्या बाईंना म्हटलं, थोडं थांबा. त्या म्हणाल्या, जिवंत माणसांना जागा लागते. खोली मोडणार कळलं त्या रात्रीच हे वाक्य जोडलं होतं, आणि पेनड्राइव्ह पर्समध्ये होता.” तिने पदराने नाक पुसलं. “एकदा वाजेल, लोकांना तिची आठवण येईल, एवढंच वाटलं होतं. पोरं रडतील हे डोक्यात आलं नाही. ती मला भीतिदायक वाटतच नाही ना.”

“आणि सर?”

“त्यांचं मला खरंच माहीत नव्हतं.”

“मी सांगितलं नाही,” भिंगरी म्हणाली. “तुझ्यासमोर मावशीचा विषय काढायचा नाही, म्हणून.”

मग बाबा खाकरले. “मोठ्या बाईंना मी फोन करतो. म्हणतो, कॉम्प्युटर बिघडला होता. सर सुटतील, हिचं नावही यायला नको.”

“नको, बाबा.”

भिंगरी उठून उभी राहिली. आवाज चक्क सरळ आला.

“मी ठरवलंय. उद्या समितीपुढे मी सगळं सांगणार, आई, तुझ्या नावासकट. तू बरोबर आलीस तर आपण दोघी जाऊ. नाही आलीस तर मी एकटी जाईन. मावशीची ती फाईल मी तिथून काढणार आणि इथे तुला परत आणून देणार. आणि शेवटची घंटा झाली की माईक मागून घेणार. खोलीबद्दल काय म्हणायचंय ते मावशीने कशाला म्हणायचं? ते मी म्हणणार, माझ्या आवाजात.”