दादाचं नाव

दवाखान्याच्या वेटिंग रूममधला बोर्ड पेशंटच्या नावांऐवजी नुसती प्रश्नचिन्हं दाखवायला लागला, म्हणून त्यांनी मला बोलावलं. प्रोग्रॅम माझाच होता. माझी गाडी बंद पडली होती, त्यामुळे दादाने स्कूटरवर सोडलं आणि एसी आहे म्हणून तोही तिथेच बसून राहिला.

दोष सापडायला वेळ लागला नाही. प्रोग्रॅममध्ये प्रत्येक पेशंट म्हणजे एक ऑब्जेक्ट, त्याच्या माहितीचा एक कप्पा. बोर्डाने विचारलं, की ऑब्जेक्टने आपलं नाव मजकूर म्हणून द्यायचं. नव्या अपडेटनंतर तो मजकूर फक्त इंग्रजी अक्षरं ओळखणाऱ्या जुन्या एन्कोडिंगमधून, म्हणजे अक्षरं साठवायच्या पद्धतीतून, जात होता. त्यात न बसणाऱ्या प्रत्येक मराठी अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह.

खात्री करायला मी दादाचं नाव टाकलं. बोर्डावर प्रश्नचिन्हांची रांग उमटली.

"घ्या! तुझी वहिनी म्हणते तेच खरं," दादा हसला. "माझा काही भरवसा नाही."

मी प्रोग्रॅममधली एक ओळ बदलली. नव्या पेशंटची नावं नीट दिसायला लागली. बोर्डावर दादाचं नाव मात्र तसंच. खरं तर हा बिघाड दाखवण्यापुरता असतो, आतलं मूळ नाव शाबूत राहतं. मी दादाचा ऑब्जेक्ट उघडून पाहिला. आतही प्रश्नचिन्हंच होती.

असेल काहीतरी, म्हणून नाव पुन्हा टाइप करायला गेले आणि बोटं कीबोर्डवर थांबली.

"दादा, तुझं नाव सांग ना."

"डोकं खाऊ नकोस. मघाशी तूच तर..." त्याचं तोंड उघडंच राहिलं. त्याने खिशातून लायसन्स काढलं, पाहिलं आणि मला न दाखवता परत ठेवलं.

मी आईला फोन लावला.

"आई, दादाचं नाव काय गं?"

"चेष्टा करतेस का माझी?" ती हसली. मग म्हणाली, "थांब हं. अगदी जिभेवर आहे."

बोर्डाखालचा स्पीकर खरखरला. पेशंटला पुकारणाऱ्या यांत्रिक आवाजाने काहीतरी उच्चारलं. मी ते नीट ऐकलं, पण मला ते पुन्हा म्हणता येणार नाही.

"आलो," म्हणत दादा उठला.

"दादा, बस खाली!"

त्याने वळून पाहिलं नाही. तपासणीच्या खोलीचं दार लोटून तो आत गेला.

"अहो, डॉक्टर अजून आलेच नाहीत," रिसेप्शनिस्ट म्हणाली.

मी धावत जाऊन दार उघडलं. पलंग. बंद खिडकी. फिरती खुर्ची, अजून हलत असलेली.

कानाशी आई एकेक अक्षर म्हणून बघत होती.

"'म'वरून होतं का गं?"