अचलपूरच्या दरवाजाच्या थापा

"त्या खिळ्यांले हात लावू नका मॅडम, शादी लांबते!"

नगमानं दचकून हात मागे घेतला. अचलपूरच्या परकोटाचा तो जुना दरवाजा. त्याचा इतिहास लिहायला अकोल्याची ती अमरावतीच्या कॉलेजातून आलेली. आणि सावलीत दगडावर बसलेला हा लांब पापण्यांचा आगाऊ मुलगा — मोहसीन. सरकी काढायच्या जिनिंग कारखान्यात फिटर होता. त्या सालांत कापसानं सगळ्या वऱ्हाडाला रडवलं होतं, जिनिंग कसंबसं चालायचं, त्यामुळे या साहेबांना वेळच वेळ.

"खिळे हत्तींना अडवायला असतात," ती म्हणाली.

"ते पुस्तकात. इथं नवरदेव लय घाईत येत, त्यायच्यासाठी ठोकले."

ती हसली... आणि पुढच्या रविवारी परत आली. मग त्याच्या पुढच्याही. दर वेळी मोहसीनकडे नवी गोष्ट तयार. वरच्या कोनाड्यात पहारेकऱ्याची बायको नवरा परतेपर्यंत दिवा लावून बसायची, ही तर त्यानं अशी सांगितली की नगमाचे डोळेच भरले. तिनं ती सरळ निबंधात घातली. इतिहास शिकलेली मुलगी, पण प्रेमात अक्कल चरायला जाते, त्याला ती तरी काय करणार!

कॉलेजच्या हॉलमध्ये तिचा निबंध वाचून झाल्यावर सरांनी विचारलं, "पुरावा?"

"मोहसीन," ती बोलून गेली. सगळा हॉल हसला.

रविवारी ती तरातरा आली. "दिव्याची गोष्ट खरी होती का?"

त्यानं मान खाली घातली. "नाई... तू परत यावी म्हनून रचत होतो."

"सगळ्याच?"

"सगळ्याच. पन आता सांगून राहिलो ते खरं हाय. जिनिंग बंद पडलं. मामू सुरतले बोलावून राहिला. मले तू पाहिजे, नगमा. तू हो म्हन — अब्बा उद्याच अकोल्याले तुया घरी येतीन. मंग मी कुठं जात नाई."

हो म्हणायचंच होतं तिला. पण हॉलमधलं ते हसणं अजून कानात होतं.

"ही पण चांगली रचली," ती म्हणाली आणि बसस्टँडकडे चालू लागली. त्यानं हाक मारली... ती थांबली नाही.

राग उतरायला दोन महिने गेले. मग मात्र राहवेना. ती आली, तेव्हा त्या दगडावर एक म्हातारा बसला होता. मोहसीनचे वडील, अब्दुल रहीम.

"तूच नगमा ना, बेटी?" त्यांनी ओळखलं. "दर रविवारी इथं येऊन बसे तो. मामू रोज बोलावे, हा जायेच ना. म्हने, ती येईन. अकोल्याले जाऊ म्हनून मी बी नवी शेरवानी शिवून ठेवली होती. शेवटी म्याच त्याले गाडीत बसवलं... परवा सुरतले त्याच मामूच्या पोरीशी निकाह झाला त्याचा."

नगमाला नुसतं मुबारक म्हणायचं होतं.

"मुबारक... अब्बा," ती म्हणाली, आणि तिथंच रडू लागली.