चोवीस किलोचं लिंबू

"खाली ठेवा ती कुंडी! आत्ताच्या आत्ता!"

जिन्यात तिचा आवाज असा कडाडला, की दोन मजल्यांवरची दारं उघडली. आणि का कडाडू नये? दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासून बिचारी घरी येते, तर समोरून एक उंच, अनोळखी माणूस तिच्या वडिलांचं लिंबाचं झाड कवटाळून पायऱ्या उतरतोय! वडिलांनी बी पेरून वाढवलेलं झाड. ते गेल्यावर आईने पोटच्या लेकरासारखं जपलेलं.

"चोवीस किलो भरलं," तो पानांमागून म्हणाला. "बाल्कनीत वीस किलोच्या वर कुंडी नको, अशी नोटीस आहे ना... मी फक्त वजन करून खाली नेतोय. इंजिनिअर आहे. तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो, म्हणून सोसायटीने फुकटात धरून आणलेला."

"वजन कधी केलंत?"

"सहा वाजता."

"रोज पाचला आई पाणी घालते त्याला! माणसाचं वजन पोटभर जेवल्यावर करता का हो तुम्ही?"

तो पानांआडून तिच्याकडे बघतच राहिला. "मुद्दा बरोबर आहे," तो म्हणाला.

घ्या! मेला लगेच कबूल करून मोकळा. भांडायची सोयच ठेवली नाही.

तेवढ्यात सेक्रेटरी उगवले. ऊठसूट नियमांची कलमं ऐकवतात म्हणून सगळी सोसायटी त्यांना कलमकाका म्हणते. त्यांनी उभ्याउभ्या निकाल दिला: कुंडी खाली पंपाच्या खोलीबाहेर राहील, पाणी कुणीही घालायचं नाही, रविवारी सभेत पुन्हा वजन. वीसच्या वर भरली, की कायमची फाटकाबाहेर.

दुसऱ्या दिवशी इंजिनिअर दुकानात हजर. "डोळे तपासायचेत."

"खालची ओळ वाचा."

त्याने घडाघडा वाचली. भिंगातून तिने त्याच्या डोळ्यात पाहिलं. इतक्या जवळून ती रोज पन्नास डोळे बघते. नेमकं आजच कुठला डोळा तपासून झाला, तेच ती कशी विसरली?

"डोळे ठणठणीत आहेत. मग आलात कशाला?"

"झाडाचं विचारायला... पानं वाकायला लागलीत. मला बघवत नाही."

"तुम्हीच उचलून नेलंत, आणि तुम्हालाच बघवत नाही! वा रे वा!" ती म्हणाली खरी, पण तो गेल्यावर उगाचच दोनदा दाराकडे बघून आली. शत्रुपक्षातला माणूस तो! तिला स्वतःचाच संताप आला.

मग तीन दिवस ती झाडाजवळून दात-ओठ खात, मान फिरवून जायची. थांबली असती तर पाणी घातलंच असतं.

रविवारी सगळ्यांसमोर कुंडी काट्यावर चढली. साडेचोवीस!

"संपला विषय," कलमकाकांनी हात झटकले.

"तहानलेल्या झाडाचं वजन वाढेलच कसं?" तिने मातीत बोट खुपसलं. माती चिंब ओली. ती भडकली. "कुणी घातलं पाणी? हिंमत असेल तर समोर या!"

"मी घातलं," इंजिनिअर उभा राहिला. "रोज पहाटे... एक मग. सुकलं असतं हो ते."

"अहो, तुमच्या त्या दयेपायी माझ्या बाबांचं झाड घराबाहेर चाललंय!" तिचा आवाज फाटला, डोळे भरून आले. आईने पदर तोंडाला लावला.

तो पांढराफटक पडला. मग कलमकाकांकडे वळला. "बाल्कन्या तपासून मी तुम्हाला दिलेल्या अहवालात 'कठड्यावर वीस किलो' असं होतं. बाल्कनीच्या फरशीला असल्या दहा कुंड्याही जड नाहीत. नोटिशीतून कठडा गायब झाला, आणि मी गप्प बसलो. भाडेकरूने तोंड उघडलं तर घर सोडावं लागेल, असं काकांनी बजावलं होतं. चुकलं माझं. आज बोलतोय."

तिने डोळे पुसले. "काका, ही नोटीस कुठल्या सभेत मंजूर झाली? नियमांचं पुस्तक मी तीनदा वाचलंय. सभेने हात वर केल्याशिवाय नियम होत नाही. आमच्या घरातलं झाड उचलायचा हक्क तुम्हाला दिला कुणी?"

कलमकाका वहीची पानं उलटत राहिले. सापडणार काय, कपाळ!

"मग आता मोजा! कुंड्या घरात राहाव्यात असं कुणाला वाटतं?"

हातच हात वर झाले. पहिला हात कलमकाकूंचा होता.

झाड वर चढवायला अर्थात इंजिनिअरच. आई पुढे गेली. लेक मात्र दाराशी त्याची वाट अडवून उभी राहिली.

"पाणी का घातलंत? खरं सांगा."

"ते सुकलं असतं, तर तुम्ही रडला असतात..." तो धापा टाकत म्हणाला. "तुम्ही मला आवडता. जिन्यात ओरडलात ना... तेव्हापासून."

"आज तर भर सभेत ओरडले."

"आज जास्तच आवडलात."

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "यापुढे पाणी घालायचं, तर चोरून नाही. बेल वाजवून यायचं. आणि काकांनी घर सोडायला सांगितलं, तर आधी मला येऊन सांगायचं. कळलं का तुला?"

'तुला' कसं निसटलं, देव जाणे. दोघंही लाल झाली.

"कळलं," तो म्हणाला. "आता... कुंडी खाली ठेवू?"

"अजिबात नाही," ती हसू दाबत म्हणाली. "धर अजून थोडा वेळ. शिक्षा आहे."